श्लेमील : एका वेंधळ्याचे वंशवृत्त

अमेरिकेत १९७६ ते १९८३ या काळात 'लव्हर्न अँड शर्ली' नावाची एक विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर चालत असे. मिलवॉकी शहरातील बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन मैत्रिणी तिच्या नायिका. मालिकेच्या प्रारंभी या दोघी हातात हात गुंफून, रस्त्यावर उड्या मारीत, पोरींच्या खेळातले एक गाणे म्हणतात आणि त्यात दोन विचित्र शब्द उच्चारतात: 'श्लेमील' आणि 'श्लिमाझल'. एकीचे आडनाव इटालियन, दुसरीचे आयरिश. दोघींच्याही घरी यिडिश बोलली जाण्याची शक्यता नाही. तरीही हे शब्द त्यांच्या तोंडी खटकत नाहीत, याचे कारण असे की तोवर ते यिडिशचे उरलेच नव्हते. जो कोणी धड काहीही करू शकत नाही, ज्याच्या हातून कपबशी फुटते आणि ज्याचे लग्नही मोडते, अशा माणसाला अमेरिकन बोलीभाषा ज्या डझनभर शब्दांनी हाक मारते, त्यांत या दोघांचा मान मोठा आहे.

या दोन शब्दांतील भेद सांगणारी एक लोकोक्ती प्रसिद्ध आहे. जो नेहमी रस्सा सांडतो तो श्लेमील, ज्याच्या अंगावर तो नेहमी सांडतो तो श्लिमाझल. काहीजण त्यात तिसऱ्याची भर घालतात: खाली वाकून जो मुकाट्याने सांडलेले पुसतो तो 'नेबिश'. मराठीत या तिघांची सोय लावायची झाली, तर श्लिमाझलचा प्रश्न चटकन सुटतो, 'कपाळकरंटा' हा शब्द त्याच्यासाठी तयारच आहे. नेबिशही सुटतो. मूळ यिडिशमध्ये 'नेबेख' हे केवलप्रयोगी अव्यय आहे आणि आपण ज्या सुरात 'बिच्चारा' किंवा 'बापुडा' म्हणतो त्याच सुरात ते उच्चारले जाते. घोडे अडते ते श्लेमीलपाशी. वेंधळा, गबाळा, धांदरट, बावळट, नेभळट असे शब्द आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, पण त्यांपैकी एकातही श्लेमीलची प्रतिष्ठा नाही. वेंधळ्याची प्रतिष्ठा म्हणजे काय, असे कोणी विचारील. या लेखात आम्हांला तेच पाहायचे आहे.

व्युत्पत्तीपासून आरंभ केलेला बरा. 'श्लिमाझल'मध्ये दोन भाषा एकत्र नांदतात. 'श्लिम' हे जर्मनमधले वाईट किंवा वाकडे, आणि 'मझल' हे हिब्रूमधले नक्षत्र, म्हणून नशीब. म्हणजे ज्याचे ग्रह वाकडे आहेत तो. बाराव्या शतकातील अब्राहम इब्न एझ्रा या हिब्रू कवीची एक कविता या गृहस्थाचा जुना दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. आपण जो धंदा धरावा त्या धंद्यातील मालाची गरजच जगाला उरू नये, असे ग्रहमान घेऊन आपण जन्मलो, अशी तीत त्याची तक्रार आहे. 'नेबिश'ची गोष्ट आम्हां मराठी वाचकांना अधिक जवळची वाटावी. हा शब्द यिडिशने स्लाव भाषांकडून घेतला. चेक भाषेत 'नेबोही' म्हणजे दुर्दैवी, आणि त्यातल्या 'बोग' या धातूचे, म्हणजे वाटा किंवा संपत्ती या अर्थाचे, नाते संस्कृत 'भग'शी आहे, ज्यापासून आपले 'भाग्य' आले. तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा नेबिश हा शब्दशः आपला 'अभागी' आहे. (कोकणातील बेने इस्रायली समाजाची मातृभाषा मराठी, यिडिश त्यांची कधीच नव्हती. त्यामुळे हे शब्द आपल्याकडे त्या वाटेने येण्याचा संभव नव्हता. आले ते इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून.)

'श्लेमील'चे मूळ मात्र वादग्रस्त आहे, आणि तो वादच उद्‌बोधक आहे. बायबलमधील 'गणना' या ग्रंथात शिमोनाच्या वंशाचा प्रमुख म्हणून शलुमीएल या पुरुषाचे नाव येते. पुढे त्याच ग्रंथात एक रक्तरंजित प्रसंग आहे. जिम्री नावाचा इस्रायली एका मिद्यानी स्त्रीला उघडपणे तंबूत घेऊन जातो आणि फिनहास भाला घेऊन त्या दोघांनाही भोसकतो. तालमूदकारांनी असे ठरवून टाकले की जिम्री आणि शलुमीएल ही एकाच माणसाची नावे. म्हणजे शलुमीएल हा पापी, आणि रंगेहाथ सापडला म्हणून फजीत पावलेला. हाइन्रिख हाइने या जर्मन कवीने १८५१ च्या 'रोमान्झेरो' या संग्रहातील 'येहुदा बेन हालेवी' या दीर्घ कवितेत ही कथा उलटी करून सांगितली. त्याच्या मते फिनहासाचा नेम जिम्रीवर होता, पण भाला लागला तो शेजारी उभ्या असलेल्या निरपराध शलुमीएलला. श्लेमील म्हणजे दुसऱ्यासाठी फेकलेला भाला ज्याला लागतो तो. आणि आम्ही कवी त्याच वंशातले, अशी हाइनेची पुस्ती. त्या वेळी तो पॅरिसमध्ये अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची धार कळते.

त्याच कवितेत या शब्दाच्या शोधाची एक गंमत आहे. श्लेमील म्हणजे कोण, हे विचारायला हाइने शामिसो या लेखकाकडे जातो. शामिसो म्हणतो, मला ते हिट्झिगने सांगितले. मग हाइने हिट्झिगच्या दारात. हा हिट्झिग मूळचा इट्झिग. ख्रिस्ती झाल्यावर त्याने नावाच्या आधी एक अक्षर चिकटवून घेतले होते, आणि हाइने त्या अक्षराची यथेच्छ टिंगल करतो. हाइनेने स्वतःही १८२५ साली बाप्तिस्मा घेतला होता. जर्मन समाजात शिरण्यासाठी नाव आणि धर्म बदललेली ही माणसे एका यहुदी शब्दाचा अर्थ एकमेकांच्या दारी जाऊन विचारीत आहेत, हे चित्र आम्हांला व्युत्पत्तीपेक्षाही बोलके वाटते.

शामिसोकडे जाण्याचे कारण त्याची 'पेटर श्लेमील' ही १८१४ सालची लघुकादंबरी. तीत नायक करड्या कोटातल्या एका गूढ गृहस्थाला आपली सावली विकतो आणि मोबदल्यात कधीही न रिकामी होणारी थैली घेतो. पुढे सावली नसलेल्या माणसाला कोणी जवळ करीना. शामिसो यहुदी नव्हता. क्रांतीमुळे परागंदा झालेल्या फ्रेंच सरदार घराण्यातला तो मुलगा, जर्मनमध्ये लिहू लागला. दोन देशांत कुठेच धड न मावणाऱ्या माणसाला यहुदी वस्तीतला हा शब्द आपलासा वाटला, ही गोष्ट पुढच्या इतिहासाची नांदीच म्हणावी लागेल.

पण खरा श्लेमील घडला तो पूर्वेकडे, रशियन साम्राज्यातील यहुद्यांच्या छोट्या गावांत. मेंडेले मोखेर स्फोरिम यांनी १८७८ मध्ये 'तिसऱ्या बेंजामिनचे प्रवास' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक डॉन किहोतेप्रमाणे जगप्रवासाला निघतो आणि शेजारच्या गावांपलीकडे फारसा पोचत नाही. मेंडेलेंचा हेतू उपहासाचा होता, समाजाला जागे करण्याचा होता. शोलेम आलेखेम यांच्या हाती आल्यावर हा उपहास वितळला. त्यांचा मेनाखेम-मेंडल ओदेसाच्या आणि कीएव्हच्या सट्टेबाजारात दर आठवड्याला लक्षाधीश होतो आणि दर आठवड्याला बुडतो. गावी मागे राहिलेली बायको शेयने-शेयन्डल त्याला पत्रांतून शिव्याशाप देते. १८९२ पासून ही पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. त्याच्या दोनच वर्षे आधी लेखकाचे स्वतःचे दिवाळे शेअरबाजारात निघाले होते. हसायचे ते स्वतःला, हा या परंपरेचा दंडक त्यांनी रोखीने पाळला, असे म्हणता येईल.

या श्लेमीलचे मर्म एका जुन्या विनोदात आहे. रूथ वाइस या विदुषीने १९७१ मध्ये 'आधुनिक नायक म्हणून श्लेमील' या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रारंभीच तो आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एक यहुदी रात्री सरहद्दीवरच्या रानात वाट चुकतो. पहारेकरी प्रकाशझोत टाकून ओरडतो, थांब, नाहीतर गोळी घालीन. हा गृहस्थ डोळे मिचकावीत उलट त्यालाच झापतो: वेड लागले आहे काय तुला, येथे माणूस उभा आहे हे दिसत नाही?

या विनोदात कोण मूर्ख ठरतो? युद्धशास्त्राच्या दृष्टीने अर्थातच तो यहुदी. सरहद्द म्हणजे काय, बंदूक म्हणजे काय, हे त्याला कळलेलेच नाही. परंतु विनोद ऐकून झाल्यावर आपल्या ध्यानात येते की न कळण्यासारखी गोष्ट बंदूकच आहे. श्लेमीलचा गैरसमज हाच जगावरचा अभिप्राय ठरतो. ज्या समाजाजवळ सैन्य नाही, जमीन नाही, राजा नाही, त्याने पराभवाची व्याख्याच बदलून घेतली. शारीरिक हार ती हार नव्हे, माणूसपणाचे भान सुटणे ही हार. वेंधळ्याची प्रतिष्ठा म्हणतो ती ही.

आता हा माणूस अमेरिकेला जातो. १८८१ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे अमेरिकेने कोटा ठरवून दारे लावून घेईपर्यंत, पूर्व युरोपातून सुमारे २० लाख यहुदी तेथे उतरले. मेनाखेम-मेंडलही शेवटी अमेरिकेलाच निघतो. शोलेम आलेखेम १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हा अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक लोटले होते. कपड्यांच्या कारखान्यांतून, व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरून, कॅट्सकिल डोंगरातल्या उन्हाळी हॉटेलांतील विनोदवीरांच्या तोंडून, मग रेडिओवरून आणि हॉलिवूडमधून यिडिश शब्द इंग्रजीत झिरपले. ओंडका या अर्थाचा 'क्लट्झ' हातापायांवर ताबा नसलेल्यासाठी आला, 'श्नूक' सहज फसणाऱ्यासाठी. 'श' आणि 'श्म' हे ध्वनीच अमेरिकन कानाला हास्यास्पद वाटू लागले. कोणत्याही शब्दाच्या पुढे त्याचाच 'श्म'कारी जोडीदार लावला की त्या वस्तूची किंमत शून्य. आपण 'पुस्तक-बिस्तक' म्हणतो तेव्हा 'वगैरे'चा अर्थ अधिक आणि तुच्छता थोडी असते. तेथे सगळी तुच्छताच.

ज्या घरात हा पाहुणा आला त्या घराची रीत वेगळी होती. स्कॉट सँडेज या इतिहासकाराचा 'बॉर्न लूझर्स' हा २००५ सालचा ग्रंथ या बाबतीत मुद्दाम वाचावा असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन इंग्रजीत अपयश ही घटना होती. व्यापारी बुडाला, म्हणजे त्याचे दिवाळे निघाले, एवढाच त्याचा अर्थ. शतक संपेपर्यंत अपयश हे माणसाचे नाव झाले. तो अपयशी झाला, असे म्हणण्याऐवजी तो स्वतःच एक अपयश आहे, असे म्हणू लागले. यात १८३७ च्या आर्थिक अरिष्टाचा वाटा होता, आणि १८४१ मध्ये लुइस टॅपनने स्थापन केलेल्या पतमापन संस्थेचाही. गावोगावच्या व्यापाऱ्यांची ऐपत आणि चारित्र्य यांच्या नोंदी ती वह्यांतून ठेवीत असे. जो वर चढला नाही त्याच्यातच काही खोट असली पाहिजे, हा सिद्धान्त अशा वह्यांतून रुजला. अशा देशाला श्लेमील मिळाला, तेव्हा त्याने शब्द घेतला आणि त्यातला युक्तिवाद सोडून दिला. सरहद्दीवरच्या यहुद्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे उलट प्रश्न विचारण्याचा, कापला गेला. उरला तो फक्त वाट चुकलेला माणूस.

अर्थात अमेरिकेजवळ स्वतःचे असे पामर नव्हते असे नाही. एच. टी. वेब्स्टर यांच्या व्यंगचित्रमालेतला कॅस्पर मिल्कटोस्ट १९२४ मध्ये अवतरला आणि भित्र्या माणसासाठी त्याचे आडनावच रूढ झाले. जेम्स थर्बरचा वॉल्टर मिटी १९३९ चा. बायकोच्या धाकात मोटार चालवताना तो मनात विमाने आणि शस्त्रक्रिया यांचा नायक असतो. १९४२ मध्ये सैनिकांच्या 'यँक' या साप्ताहिकात जॉर्ज बेकरने 'सॅड सॅक' हा दुर्दैवी शिपाई काढला. हे नाव सैन्यातल्या एका अर्वाच्य शब्दप्रयोगाचे सोवळे रूप. परंतु मिटीला आपण मोठे नसल्याचे दुःख आहे. मोठेपणाची व्याख्या त्याला मान्य आहे. श्लेमीलला ती ठाऊकच नसते.

हन्ना आरेंटने १९४४ मध्ये, म्हणजे युरोपातील यहुद्यांची कत्तल चालू असतानाच, 'बहिष्कृत म्हणून यहुदी' या विषयावर एक निबंध लिहिला. हाइनेच्या श्लेमीलपासून ती निघाली आणि चार्ली चॅप्लिनपर्यंत आली. चॅप्लिन यहुदी नव्हता, पण पोलिसाला पाहताच गांगरणारा, काही केलेले नसताना संशयित ठरणारा त्याचा चिमुकला माणूस याच वंशातला, असे तिचे म्हणणे. पुढे ती एक मर्मभेदी गोष्ट नोंदवते: बेकारीच्या काळानंतर सामान्य माणसाला चॅप्लिन नकोसा झाला, त्याला सुपरमॅन हवा झाला. सुपरमॅन १९३८ मध्ये काढला तो क्लीव्हलंडमधील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन यहुदी तरुणांनी. आणि त्याचा मुखवटा कोणता? क्लार्क केंट. चश्मा लावणारा, अडखळणारा, मुलींसमोर गोंधळणारा. श्लेमीलपण आता नुसते सोंग झाले. आतला माणूस वेगळाच आणि पोलादी.

या संदर्भात आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) ची आठवण अपरिहार्य आहे. विली लोमन श्लेमील आहे काय? आमच्या मते नाही. लोमनने अमेरिकेचे स्वप्न अखेरपर्यंत खरे मानले आणि त्यासाठी प्राण दिला. जोसेफ बुलॉफने ते नाटक यिडिशमध्ये आणले, तेव्हा एका समीक्षकाने १९५१ मध्ये 'कॉमेंटरी' मासिकात लिहिले की हीच जणू मूळ संहिता आणि मिलरचे इंग्रजी हे भाषांतर. ही कोटी चांगली आहे, पण शोलेम आलेखेमच्या वाचकाला लोमन परकाच वाटेल, कारण तो स्वतःला हसू शकत नाही.

ज्या कथेने हा विसरलेला अर्थ इंग्रजीत परत आणला ती आयझॅक बाशेविस सिंगर यांची. १९४५ मध्ये यिडिशमध्ये प्रसिद्ध झालेली ही कथा सॉल बेलोने भाषांतरित केली. एलिएझर ग्रीनबर्ग यिडिश वाचून दाखवी आणि बेलो टंकयंत्रावर इंग्रजी उतरवी, असे सांगतात. १९५३ मध्ये 'पार्टिझन रिव्ह्यू'त ती 'गिंपेल द फूल' म्हणून आली. फ्रांपोल गावचा गिंपेल हा पाववाला. सगळे गाव त्याला थापा मारते आणि तो त्या मानतो, कारण न जाणो, जगात काहीही घडू शकते. त्याचे लग्न एल्काशी लावून देतात. मुले होतात, ती त्याची नाहीत हे साऱ्या गावाला ठाऊक. मरतेवेळी एल्का तेच त्याला सांगते. मग स्वप्नात सैतान येऊन सुचवतो, गावाने तुला फसवले, तू त्यांच्या पिठात मूत्र मिसळ. गिंपेल तसे करतो, आणि मग एल्का स्वप्नात येऊन त्याला सुनावते तेव्हा ते सगळे पाव गोठलेल्या जमिनीत पुरून टाकतो आणि गाव सोडतो. सूड हाताशी असताना तो नाकारणारा हा माणूस ज्या काळात लिहिला गेला, तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. फ्रांपोलसारख्या गावांतील यहुदी वस्त्या तोवर पृथ्वीवरून नाहीशा झाल्या होत्या.

या कथेच्या नावातच आमच्या विषयाची सगळी अडचण साठलेली आहे. यिडिशमध्ये तो 'गिंपल ताम'. 'ताम' हा हिब्रू शब्द भोळ्या माणसासाठी वापरतात खरा, पण बायबलमध्ये याकोब आणि ईयोब यांच्यासाठीही तोच येतो, आणि तेथे त्याचा अर्थ अव्यंग, निष्कपट असा. बेलोच्या 'फूल'ने अर्धा अर्थ गमावला. सिंगर यांनी स्वतः केलेले भाषांतर २०२३ मध्ये एका द्विभाषिक आवृत्तीत प्रसिद्ध झाले, त्यात शीर्षक 'सिंपल गिंपल' आहे. मराठी भाषांतरकाराने येथे डगमगू नये. 'भोळा' या एका शब्दात हसणे आणि नमस्कार दोन्ही मावतात. शंकराला आपण भोळा म्हणतोच की. 'मूर्ख गिंपल' असे मात्र कोणी करू नये.

यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकन कादंबरीत श्लेमीलांची रीघ लागली. मॅलमडच्या 'द असिस्टंट' (१९५७) मधील वाणी मॉरिस बोबर तीन सेंटांच्या पावासाठी पहाटे सहाला दुकान उघडतो. बेलोचा हर्झोग (१९६४) मेलेल्यांना आणि जिवंतांना न पाठवायची पत्रे लिहितो. ती वाचताना मेनाखेम-मेंडल आठवतो, फक्त शेयने-शेयन्डलचे उत्तर येत नाही. पिंचनच्या 'व्ही.' (१९६३) मध्ये बेनी प्रोफेन स्वतःलाच श्लेमील म्हणवतो. निर्जीव वस्तूंशी त्याचे जमत नाही, हा यंत्रयुगातला नवा रस्सा. लिओ रॉस्टनचा विनोदी यिडिश कोश १९६८ मध्ये निघाला आणि घरोघरी गेला. लगेच १९६९ मध्ये फिलिप रॉथचा पोर्टनॉय आला. तो या वारशाविरुद्ध आक्रोशच करतो: यहुदी विनोदातले पात्र होणे मला नको आहे. १९७७ च्या 'अ‍ॅनी हॉल'नंतर तर श्लेमील म्हणजे वुडी अ‍ॅलन असेच समीकरण झाले, आणि आमच्या मते तेथे या परंपरेचा कस उतरला. स्वतःच्या दुबळेपणावर प्रेम करणारा माणूस सरहद्दीवर कोणाला प्रश्न विचारणार?

या परंपरेची एक बाजू समीक्षकांनी बराच काळ दुर्लक्षित ठेवली. श्लेमील बहुधा पुरुष असतो आणि त्याच्या निरागसतेचा खर्च घरातील स्त्री भागवते. शेयने-शेयन्डल मुले सांभाळते आणि पैसे धाडते, त्याबदल्यात साहित्याने तिला कजाग हे विशेषण दिले. तिची पत्रे पुन्हा वाचावीत. मेनाखेम-मेंडलच्या प्रत्येक योजनेतील खोट तिला पहिल्या ओळीतच दिसलेली असते.

आणि रूथ वाइस? ज्या बाईंनी श्लेमीलला आधुनिक नायकाचे आसन दिले, त्याच २०१३ च्या 'नो जोक' या ग्रंथात यहुदी विनोदाविषयी बऱ्याच साशंक झालेल्या दिसतात. शत्रूने चहूबाजूंनी वेढलेला समाज स्वतःवरच हसत राहिला तर त्याचे फलित काय, असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या राजकीय भूमिका अनेकांना मान्य होणार नाहीत, आम्हांलाही सर्व मान्य नाहीत. परंतु प्रश्न टाळता येत नाही, कारण सरहद्दीवरच्या त्या विनोदाचा शेवट कोणी सांगितलेलाच नाही. पहारेकऱ्याने बंदूक खाली केली की गोळी झाडली, हे विनोदात नसते. १९७१ च्या पुस्तकात त्या तेथे थांबल्या होत्या. २०१३ मध्ये त्यांना पुढचा आवाज ऐकायचा होता.

कोएन बंधूंच्या 'अ सीरियस मॅन' (२००९) या चित्रपटाचा आरंभ यिडिश संवादांनी होतो. बर्फाळ गावातले एक जोडपे, आणि दारात आलेला पाहुणा. तो माणूस आहे की पिशाच्च, यावर नवराबायकोत वाद. नवरा म्हणतो, भला माणूस आहे. बायको त्याच्या छातीत बर्फ फोडायची सळई खुपसते. मग काळ बदलतो, आणि १९६७ सालच्या मिनेसोटात भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक आपल्यावर एकामागून एक कोसळणाऱ्या आपत्तींचा अर्थ विचारीत राबायांचे उंबरठे झिजवू लागतो. हा रस्सा सांडणारा की ज्याच्या अंगावर सांडतो तो, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. वर्गात दोन तट पडतात, आणि नेबिशच्या बाजूनेही एखादा हात वर होतो.